मातीला जाणे

आपल्या भागात कोणी वारले म्हणजे माणसे 'मातीला' जातात. दोन दिवस न दिसलेल्या शेजाऱ्याला 'कुठे होता?' म्हणून विचारावे, तर 'मावसभावाच्या मातीला गेलो होतो' असे उत्तर येते. मयत सरणावर गेली की खड्ड्यात गेली, याची चौकशी या शब्दात नाही. ज्याला जाळतात त्याचीही मातीच होते आणि ज्याला पुरतात त्याचीही. मुसलमान शेजारीदेखील मराठी बोलू लागला की 'आज माती हाय' असेच म्हणतो. हा शब्द कोणा पंडिताने घडविलेला नाही. आम्हांला तर तो आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचे एक पानच वाटतो.

तेरचा प्राचीन व्यापार, नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याच्या तोफा, तुळजापूरची भवानी हे विषय अशा व्यासपीठांवर पुष्कळ होतात आणि ते व्हावेतही. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. नगरपालिकांच्या सफाई कामगारांच्या संघटनेचे काम करता करता कबरस्तानात खड्डे खणणाऱ्या माणसांशी संबंध आला. त्यांच्या मजुरीचा प्रश्न समजून घेता घेता आम्ही खड्ड्याकडे पाहू लागलो, आणि खड्ड्याकडे पाहता पाहता इतिहासाकडे वळलो. तेव्हा सुरुवात खड्ड्यापासूनच करणे बरे.

आपला जिल्हा बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर आणि त्याच्या उतरणीवर पसरला आहे. नदीकाठी काळी जमीन खोल आहे. माळावर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून, चिखल होऊन खड्ड्याच्या कडा आत ओढते. माळावर कडा ढासळत नाहीत, पण पहारीच्या टोकाला ठिणग्या उडतात. दोन माणसे, एक पहार, एक टिकाव, फावडे आणि घमेले, एवढ्या सामानावर मुरमात छातीभर खड्डा घ्यायचा तर सकाळी लागलेल्या माणसांची दुपार टळून जाते. आणि मयत थांबत नाही. मुसलमानांत शक्य तितक्या लवकर दफन करावे असा दंडक आहे; लिंगायतांतही लांबचे नातेवाईक पोहोचले की त्याच दिवशी उरकतात. म्हणजे या धंद्यात काम नेहमी अचानक येते आणि नेहमी घाईचे असते.

आपल्याकडे पुरण्याची चाल फक्त मुसलमानांची, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. उमरगा, लोहारा, तुळजापूर या बाजूच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. लिंगायत समाज आपल्या माणसांना पुरतो, आणि तेही बसवून. ज्या कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी अनुभवमंटप भरविला ते आजचे बसवकल्याण उमरग्याहून फार दूर नाही. तेव्हा ही रीत आपल्याकडे परमुलखातून आली असे म्हणण्याचेही कारण नाही. ज्याने गळ्यात इष्टलिंग बांधले त्याचा देह दीक्षेनेच शुद्ध झाला, त्याला अग्नीने आणखी शुद्ध काय करायचे, असा त्यामागचा विचार आहे. माणूस मेला असे ते म्हणत नाहीत. लिंगैक्य झाला म्हणतात. मृत्यूचे सूतक पाळू नये, अशीही शिकवण आहे. जन्माचे, मरणाचे, विटाळशीचे, उष्ट्याचे आणि जातीचे अशी पाचही सूतके बसवेश्वरांच्या परंपरेने नाकारली आहेत. ही यादी आम्ही मुद्दाम पूर्ण दिली. मरणाचे सूतक आणि जातीचे सूतक एकाच ओळीत बसविणारा माणूस आठशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी होऊन गेला.

मयताला न्हाऊ घालून, कपाळी व अंगाला विभूती लावून, मांडी घातलेल्या स्थितीत बसवितात. देह ताठरण्याच्या आत हे करावे लागते, म्हणून घरातली जाणती माणसे रडणे बाजूला ठेवून आधी त्या कामाला लागतात. मग फुलांनी सजविलेल्या, वर कमान असलेल्या विमानात बसवून, भजन म्हणत मिरवणुकीने नेतात. वाटेवरच्या नवख्या माणसाला क्षणभर देवाची पालखीच वाटावी. खड्ड्याचे माप जुन्या वर्णनांत दिलेले आहे: मयताच्याच पावलांनी मोजून नऊ पावले लांब आणि पाच पावले रुंद. आत उतरायला तीन पायऱ्या, आणि समोरच्या भिंतीत माणूस बसेल एवढा त्रिकोणी माथ्याचा कोनाडा. त्या कोनाड्यात पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून देह बसवितात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. भोवती बेलाची पाने, विभूती आणि मीठ भरतात, आणि मग माती लोटतात. जंगमाने मयताच्या मस्तकावर पाय ठेवण्याचा विधीही आहे. तो काही ठिकाणी आता करीत नाहीत, आणि त्याविषयी समाजातच दोन मते आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही. आमचे लक्ष त्या कोनाड्याकडे जाते. आडवा खड्डा कोणीही खणील. मुरमाच्या भिंतीत कमान साधणे हे कारागिराचे काम आहे. वरची माती ढासळली तर मयतासकट खणणाराही आत जाईल.

मुसलमानांच्या कबरीतही हेच कौशल्य आहे. खड्डा उत्तर-दक्षिण घेतात, डोके उत्तरेला ठेवतात आणि तोंड पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला वळवितात. पुरुषाला कफनाची तीन वस्त्रे, बाईला पाच. खड्ड्याच्या तळाशी पश्चिमेच्या भिंतीत आडवी पोकळी कोरून मयत तीत सरकवावी, ही बगली कबर चांगली समजतात. पण ही पोकळी घट्ट जमिनीतच टिकते. काळ्या रानात मधोमध चर घेऊन, त्यात मयत ठेवून, वर फळ्या किंवा शहाबादी फरश्या आडव्या टाकाव्या लागतात. धर्माचा नियम काय आणि जमिनीची जात काय, यांचा मेळ घालणारा माणूस मौलवी नसतो. पहार धरणारा असतो. शेवटी जमलेला प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. 'मूठमाती देणे' हा आपल्या मराठीतला शब्दप्रयोग उच्चारताना कोणाच्या धर्माची आठवण आपल्याला होते?

महानुभावांतही पुरण्याची रीत आहे. गोसावी, नाथपंथी यांच्या समाध्या गावोगाव आहेत. तान्ही मुले तर बहुतेक सर्वच समाज पुरतात. तेरला तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे, आणि चैत्र वद्य त्रयोदशीला तेथे माणूस मावत नाही. याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती धर्माच्या पुस्तकात सापडत नाही. आपला मुलूख उघडा. सरणाला लाकूड लागते आणि लाकडाला पैसा लागतो. दुष्काळाच्या सालात ज्यांच्या घरी चुलीलाच काटक्या नव्हत्या, त्यांनी आपली माणसे पुरली. रीत म्हणून नव्हे, ऐपत नव्हती म्हणून. नंतर पुढच्या पिढीने तीच रीत मानली.

आता कबरस्तानातल्या रोजच्या जीवनाकडे येऊ. कबरस्तान म्हणजे भयाण जागा, ही समजूत कथा-कादंबऱ्यांतून आलेली असावी. आमच्या माहितीची कबरस्ताने सकाळी शेळ्यांनी भरलेली असतात. लिंबाच्या आणि चिंचेच्या झाडांखाली म्हातारे बसतात. कबरीवर सब्जा लावण्याची चाल आहे. उन्हाळ्यात त्याला पाणी घालायला नातवंडे तांब्या घेऊन येतात आणि पाणी घालून झाले की तेथेच गोट्या खेळतात. परीक्षेच्या दिवसांत घरात जागा नसलेली पोरे पुस्तक घेऊन येथेच येतात, कारण गावात एवढी शांत सावली दुसरी नाही. शबे-बरातेच्या आधी आठ दिवस गवत काढणे, चुना लावणे, खचलेल्या कबरीवर माती ओढणे चालते, आणि त्या रात्री दिवे, उदबत्त्या आणि फुले घेऊन सारा मोहल्ला आपल्या माणसांना भेटायला येतो. धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरसाला तर दोन्ही धर्मांची माणसे असतात. फुलांच्या चादरी, रेवड्या, पाळणे, बांगड्या. एका कबरीभोवती किती संसार चालतात याची मोजदाद कोणी केलेली नाही.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर इराणात पाहावी. तेहरानच्या दक्षिणेला बेहिश्ते-जहरा नावाचे कबरस्तान १९७० साली सुरू झाले. तेथे आज पंधरा लाखांहून अधिक माणसे पुरलेली आहेत. जागा पुरेना म्हणून एकाच खड्ड्यात एकावर एक थर करतात. इराकशी १९८० ते १९८८ या काळात झालेल्या युद्धात पडलेल्या पोरांच्या कबरींवर काचेच्या लहान पेट्या आहेत, त्यांत त्यांची छायाचित्रे आणि बारीकसारीक वस्तू आहेत. गुरुवारी दुपारी कुटुंबेच्या कुटुंबे येतात, दगड गुलाबपाण्याने धुतात, खजूर आणि हलवा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवतात आणि तेथेच सतरंजी अंथरून बसतात. शबे-बरातेच्या रात्री आपल्याकडचे कबरस्तान पाहिलेल्याला यात परके काही वाटणार नाही. आम्हांला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते कबरस्तान तेहरानच्या नगरपालिकेच्या संस्थेकडून चालते. मयत धुण्यापासून खड्डा बुजविण्यापर्यंतचे काम तेथे नगराचे काम मानले आहे.

इराणशी आपले नाते तसे जुने आहे. परंड्याचा किल्ला ज्याने बांधला असे सांगतात तो बहमनी वजीर महमूद गावान हा इराणच्या गीलान प्रांतातला. त्याच्याविरुद्ध खोटे पत्र रचून १४८१ साली सुलतानाकडून त्याचा शिरच्छेद करविला गेला. बिदरला त्याने बांधलेला मदरसा भव्य आहे. त्याची स्वतःची कबर मात्र शहराबाहेर एका खेड्याजवळ, साधी. खुलताबादला झैनुद्दीन शिराझी यांची दर्गा आहे. हे संत शिराजचे. त्यांच्या पायाशी जागा मिळावी म्हणून औरंगजेबाची मयत १७०७ साली अहमदनगराहून तेथे आणली. त्याची कबर उघड्या आभाळाखाली मातीची आहे आणि तिच्यावर सब्जाच लावलेला असतो, आपल्या कोणाही गरिबाच्या कबरीवर असतो तसा. भोवतीची संगमरवरी जाळी फार उशिराची. गोवळकोंड्याचा शेवटचा राजा अबुल हसन तानाशाह, ज्याला याच बादशहाने १६८७ साली पकडून देवगिरीवर मरेपर्यंत कैदेत ठेवले, तोही त्याच गावात पुरलेला आहे. मलिक अंबर तेथेच आहे. हैदराबादचा पहिला निजाम तेथेच आहे. ज्यांनी एकमेकांचे किल्ले फोडले ते एका गावात शेजारी झाले, आणि त्यांच्या जिवावर आज तेथले फुलवाले आणि चहावाले पोट भरतात. या सर्वांच्या मृत्यूची साले ग्रंथांत सापडतात. त्यांचे खड्डे कोणी खणले, हे एकाही ग्रंथात नाही.

खणणाऱ्याचे नाव नाही, पण त्याची जात मात्र लिहून ठेवलेली आहे. आपल्या गावगाड्यात मरणाची सारी अंगमेहनत वतनदारांवर होती. कोणाच्या घरी मयत झाली की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन महाराने पायी जायचे, मग पाऊस असो की मध्यरात्र. सरणाला लाकडे, गोवऱ्या त्यानेच वाहायच्या. मोबदला काय, तर प्रेतावरचे कापड. बिदरच्या बादशहाने दिले म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बावन्न हक्कांत हाही एक हक्क! आम्ही कामगारांचे अनेक करार वाचले आहेत, पण मजुरीच्या जागी मेलेल्याचे कापड आणि वर त्याला हक्क म्हणायचे, असा दुसरा करार पाहिला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि ते स्वतः तेथे आले. वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ सालचा. वतन गेले, पण मेलेल्याला हात लावण्याचे काम त्याच हातांचे, ही समजूत काही कायद्याबरोबर गेली नाही. आणि ज्यांनी साऱ्या गावाची लाकडे वाहिली त्यांची स्वतःची माती वेगळ्या जागी, ओढ्याच्या पलीकडे. आजही कित्येक गावांत पावसाळ्यात तिरडी कमरेइतक्या पाण्यातून न्यावी लागते.

ज्यांना माती मिळालीच नाही त्यांच्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९४७-४८ साली रझाकारांनी आपल्या खेड्यापाड्यांत माणसे मारली, घरे जाळली. ते वृद्धांच्या तोंडून सर्वांनी ऐकले आहे आणि पुस्तकांतही आले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या मंडळाने गावोगाव फिरून जो अहवाल दिला, त्यात सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. प्रेते विहिरींत टाकली गेली. यांतल्या पुष्कळ माणसांवर ना कोणी नमाज पढली, ना मूठमाती पडली. हा अहवाल कित्येक वर्षे दप्तरात पडून होता. आपल्या घरातले मेले तेवढे हुतात्मे आणि शेजारचे मेले ते नुसते आकडे, असा हिशेब ठेवायचा असेल तर त्याला इतिहास म्हणू नये.

आणि १९९३. गणेशविसर्जन आटोपून माणसे रात्री उशिरा निजली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आपल्याकडचे सास्तूर ही नावे दुसऱ्या दिवशी जगभर गेली. दगडामातीच्या रुंद भिंती आणि धाब्याची जड माळवदे झोपलेल्यांवर आली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आत होतो. संघटनेची दहा-बारा पोरे फावडी घेऊन त्या बाजूला गेलो. वर पाऊस पडत होता. मयती इतक्या की कोणाला कोणत्या रीतीने न्यायचे हे विचारायला वेळ नव्हता, आणि सांगायला घरातले कोणी उरलेही नव्हते. पडलेल्या घरांचीच लाकडे, तुळया, कडीपाट, दारे रचून एकेका सरणावर अनेक मयती दिल्या. लाकडे ओली होती, म्हणून रॉकेल ओतले. ज्या समाजाने आठशे वर्षे अग्नी घेतला नाही, त्यांची माणसेही त्यात गेली.

एका सरणाजवळ एक लिंगायत म्हातारा बसून होता. बायको, मुलगा, सून, सगळी त्याच सरणावर. तो रडत नव्हता. त्याने बायकोच्या गळ्यातले इष्टलिंग आधीच काढून घेतले होते आणि मुठीत धरले होते. दुपारी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "पोरांनो, एक खड्डा घ्या. लहान घ्या." आम्ही शेताच्या बांधाजवळ हातभर खड्डा घेतला. त्याने त्याच्या एका बाजूला बोटांनी कोनाडा कोरला, वीतभर उंचीचा. कनवटीची विभूती काढून आत पसरली, बेल मिळाला नाही म्हणून लिंबाचा पाला ठेवला आणि लिंग त्यात बसविले. तोंड पूर्वेला केले. मीठ कोठून आणायचे? आमच्यापैकी एकाच्या शिदोरीत भाकरीबरोबर मिठाची पुडी होती, ती त्याने मागून घेतली. माती त्याने एकट्याने लोटली. आम्हांला हात लावू दिला नाही.

खड्डे खणणाऱ्या ज्या माणसाच्या मजुरीपासून आम्ही या विषयात शिरलो, त्याच्याविषयी सांगायचे राहिले. तो जिल्ह्यातल्या एका गावात, बापाच्या आधीपासून चालत आलेले हे काम करतो. तेथली नगरपालिका त्याला खड्ड्यावर पैसे देते. रोजावर नाही, पगारावर नाही. ज्या आठवड्यात कोणी वारत नाही त्या आठवड्यात मजुरी नाही. आम्ही त्याला अर्जावर अंगठा मागायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "भाई, काम वाढावं असं म्हणायला तोंड धजत नाही, आन् कमी झालं तर चूल पेटत नाही." खड्डा कधी आगाऊ खणून ठेवू नये, उघडा खड्डा माणूस मागतो, असे त्याच्या बापाने त्याला सांगितलेले. तो नियम त्याने तीस वर्षे पाळला. २०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दिवसाला चार-चार मयती येऊ लागल्या आणि पहार हातात टिकेना, तेव्हा त्याने तो प्रथमच मोडला. एका रात्री कंदील लावून सहा खड्डे घेतले. तीन लागले. तीन तसेच राहिले, आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला. खड्डा मोजणीत धरायचा तर आत मयत असावी लागते, म्हणून त्या तिघांचे पैसे त्याला मिळाले नाहीत. बुजविण्याचे तर कोणी देतच नाही. ते त्याने आणि त्याच्या मुलाने एका सकाळी बुजवून टाकले, आणि वर तीन ठिकाणी, ओळखायला म्हणून, सब्जा लावून ठेवला.